अभियांत्रिकीचा प्रवेश आणि पहिले वर्ष : कोल्हापूरच्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळाव्यात

सीईटीचा निकाल लागला की कोल्हापुरात दोन ठिकाणी गर्दी उसळते : सेतू कार्यालयात आणि नेट कॅफेत. दोन्ही गर्दी चुकीच्या वेळी झालेली असते, कारण सेतूतले बरेचसे काम आधीच संपायला हवे होते आणि कॅफेतले काम घरी, आई-वडिलांसोबत, शांतपणे करण्यासारखे आहे. अभियांत्रिकीची जागा हातची जाते ती दर वेळी कमी गुणांमुळे जात नाही. बऱ्याचदा ती एखाद्या कागदामुळे, एखाद्या चुकीच्या क्रमामुळे किंवा दुसऱ्याच्या भरवशावर भरलेल्या अर्जामुळे जाते.

कागदपत्रांच्या चुका

जात वैधता प्रमाणपत्र ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा असेल तर नुसते जातीचे प्रमाणपत्र पुरत नाही, जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळालेली वैधताही लागते, आणि तिचा प्रस्ताव अकरावी विज्ञानला असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत दाखल करता येतो. विचारे माळावरील सामाजिक न्याय भवनात जून महिन्यात हेलपाटे घालणाऱ्या पालकांपैकी अनेकांनी हा प्रस्ताव वेळेत दिलेलाच नसतो. अर्जाची पावती जोडून तात्पुरते भागते, पण मूळ वैधता मुदतीत सादर झाली नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात जातो आणि राखीव जागेवरचा त्याचा हक्क संपतो. काही वर्षी शासनाने मुदत वाढवून दिली आहे. म्हणून याही वर्षी ती वाढेल असे धरून बसणे धोक्याचे आहे.

नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्राच्या बाबतीत तारीख पाहायची राहून जाते. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षात येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असले पाहिजे. थोरल्या भावाच्या वेळी काढलेले उत्पन्नाचे जुने कागद पुढे करून काही साध्य होत नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र राज्याच्या आणि केंद्राच्या अशा दोन वेगवेगळ्या नमुन्यांत मिळते. राज्याच्या प्रवेश प्रक्रियेला राज्याचा नमुना लागतो, आयआयटी-एनआयटीच्या प्रक्रियेला केंद्राचा. दोन्हीकडे प्रयत्न करणाऱ्याने दोन्ही आधीच काढून ठेवावेत.

आणि मग नावे. आपल्या जिल्ह्यात वडिलांचे नाव दाखल्यावर ‘बाळासो’, आधार कार्डावर ‘बाळासाहेब’ आणि सातबाऱ्यावर ‘बाळू’ असे असणे नवलाचे नाही. घरात ते कोणाला खटकत नाही, पण कागदपत्रे तपासणाऱ्याला ही तीन वेगळी माणसे दिसतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर जे नाव आणि जे स्पेलिंग आहे तेच प्रमाण मानून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत, आणि हे काम बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत संपवावे. नावात मोठा फरक असेल तर राजपत्रात नाव बदलून घेण्याला वेळ लागतो.

चंदगड, गडहिंग्लज आणि कागल भागातील विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना. बेळगाव किंवा निपाणीला बारावी केलेल्या, पण मूळ महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या मुलांना दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात झालेल्यांच्या प्रकारातून अर्ज करता येत नाही. त्यांनी अधिवास प्रमाणपत्राच्या आधारे असलेला प्रकार निवडायचा असतो. सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या उमेदवारांसाठी आणखी एक स्वतंत्र प्रकार आहे. प्रकार चुकला तर गुणवत्ता यादीतील नोंदच चुकते. तात्पुरती गुणवत्ता यादी लागल्यावर तक्रार नोंदवायला थोडे दिवस मिळतात, तेव्हा आपला प्रवर्ग, प्रकार आणि गुण त्याच दिवशी तपासावेत. अंतिम यादी लागल्यानंतर केलेल्या विनवण्यांचा उपयोग होत नाही.

विद्यापीठ, महाविद्यालय आणि पदवी यांतील गोंधळ

‘शिवाजी विद्यापीठातून इंजिनिअरिंग’ असे सर्रास म्हटले जाते, पण त्या एका वाक्यात बऱ्याच निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. विद्यापीठाच्या आवारातील तंत्रज्ञान विभाग वेगळा. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये वेगळी. त्यातली काही स्वायत्त आहेत, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पण पदवी विद्यापीठाची. काही महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न असतात. अतिग्रे येथील संजय घोडावत विद्यापीठासारखी स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तर स्वतःचीच पदवी देतात. यातले कोणतेही एक आपोआप चांगले किंवा वाईट ठरत नाही. मात्र प्रवेशाची पद्धत, शुल्क आणि शिष्यवृत्तीचे नियम प्रत्येक ठिकाणी बदलतात, आणि पालकांना हे जुलैमध्ये शुल्काचा पहिला हप्ता भरताना कळते.

शिष्यवृत्तीचेच उदाहरण घ्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्यांना शिक्षण शुल्काची निम्मी सवलत मिळते, आणि २०२४-२५ पासून याच उत्पन्न मर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून, आलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू होत नाही. शिवाय ती आपोआपही मिळत नाही. महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो, दर वर्षी नूतनीकरण करावे लागते आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. शाहू महाराजांच्याच नगरीतील मुलांचे त्यांच्या नावाच्या योजनेचे पैसे केवळ खाते न जोडल्यामुळे अडकावेत, हे पाहून वाईट वाटते.

मानांकनाबाबतही असाच घोटाळा होतो. नॅक आणि एनबीए या दोन्ही दर्जा तपासणाऱ्या संस्था, पण नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, तर एनबीएचे मानांकन एकेका शाखेला, तेही ठरावीक मुदतीपुरते. शिवाजी विद्यापीठाला २०२१ मध्ये नॅकची ए++ श्रेणी मिळाली म्हणून एखाद्या संलग्न महाविद्यालयातील नुकतीच सुरू झालेली शाखा त्या तोडीची ठरत नाही. महाविद्यालयात चौकशीला गेल्यावर ‘एनबीए आहे का?’ असे विचारू नये. ‘या शाखेला आहे का, आणि कधीपर्यंत?’ असे विचारावे.

पसंतीक्रमाचा अर्ज : सर्वांत जास्त नुकसान इथे होते

पर्याय भरताना बहुतेक घरांत एक चुकीची समजूत असते : जे मिळणार आहे ते वर टाकायचे, नाहीतर तेही हातचे जाईल. संगणकाची वाटपाची रीत याच्या नेमकी उलट आहे. गुणवत्ता क्रमांकानुसार तुमची पाळी आली की यादी वरून खाली वाचली जाते आणि जो पहिला पर्याय तुमच्या क्रमांकाला उपलब्ध असेल तो दिला जातो. वरचे तीन पर्याय आवाक्याबाहेरचे असले तरी चौथ्याची संधी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. म्हणून यादी आवडीच्या उतरत्या क्रमानेच लावायची असते. मिळण्याच्या शक्यतेचा विचार फक्त यादी किती खालपर्यंत न्यायची यासाठी करायचा असतो.

२०२५-२६ पासून ही समजूत आणखी महाग झाली. त्या वर्षी कॅपच्या फेऱ्या तीनवरून चार झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा पर्याय मिळाला तर ती जागा आपोआप गोठवली जाईल, म्हणजे ती घ्यावीच लागेल, असा नियम आला. समजा, कागलच्या एका मुलीला गोकुळ शिरगावला कॉम्प्युटर शाखा हवी आहे, पण काकांच्या आग्रहाखातर तिने हमखास मिळणारी दुसरीच शाखा पहिल्या क्रमांकावर टाकली. पहिल्याच फेरीत ती मिळते. आता पुढच्या फेरीत कॉम्प्युटरच्या जागा तिच्या क्रमांकापर्यंत आल्या तरी तिला त्या मागता येत नाहीत, आणि मिळालेली जागा नाकारली तर ती पुढच्या कॅप फेऱ्यांतूनच बाहेर पडते. नियम दर वर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचणे याला पर्याय नाही.

गेल्या वर्षीचे कटऑफ पाहताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. पर्सेंटाइल म्हणजे टक्केवारी नव्हे. ९० पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी ९० टक्के उमेदवार तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत, इतकेच. परीक्षार्थींची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा गुणवत्ता क्रमांकही बदलतो, म्हणून तुलना क्रमांकाशी करावी. दुसरे म्हणजे, २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेने, चांगल्या संस्थांच्या प्रवेश क्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली आणि कॉम्प्युटरशी संबंधित शाखांच्या जागा अनेक ठिकाणी वाढल्या. जागा बदलल्यावर जुना कटऑफ अंदाजापुरताच उरतो.

गृह विद्यापीठाचा मुद्दा फारच थोडे जण आधी विचारात घेतात. संलग्न महाविद्यालयांत साधारणपणे ७० टक्के जागा त्या विद्यापीठ क्षेत्रातील उमेदवारांसाठी आणि ३० टक्के बाहेरच्यांसाठी असतात, आणि हे क्षेत्र सामान्यतः बारावी जिथे झाली त्यावरून ठरते. शिवाजी विद्यापीठाचे क्षेत्र कोल्हापूर, सांगली आणि सातारा. सोलापूर २००४ मध्ये वेगळे झाले. तयारीसाठी लातूरला अकरावी-बारावी केलेला कोल्हापूरचा मुलगा घरच्याच शहरात बाहेरच्या विद्यापीठाचा उमेदवार ठरतो. हे चूक म्हणता येणार नाही, पण लातूरला पाठवण्याआधी माहीत असावे.

शुल्कमाफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागा मंजूर क्षमतेच्या पाच टक्के असतात आणि त्यांचा पर्याय क्रमांक स्वतंत्र असतो. तो वेगळा भरला नाही तर कितीही चांगले गुण असले तरी त्या जागेसाठी विचारच होत नाही. शिक्षण शुल्क माफ झाले तरी इतर शुल्के भरावी लागतात, आणि ही जागा घेतल्यावर पुढे शाखा किंवा महाविद्यालय बदलता येत नाही.

अर्जात कॅफेवाल्याचा मोबाइल क्रमांक आणि ई-मेल टाकण्याची चूक हास्यास्पद वाटते, पण ती होते. ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तो दुकान बंद करून गावी गेलेला असतो. प्रवेश रद्द करायचा असेल तर ठरलेल्या अंतिम तारखेपूर्वी ऑनलाइन आणि महाविद्यालयात दोन्हीकडे रीतसर करावा. एक हजार रुपये वजा जाता शुल्क परत मिळते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही.

शाखा निवडताना

याविषयी एवढेच : कॉम्प्युटर सायन्स, आयटी, एआय आणि डेटा सायन्स अशी नावे वेगळी असली तरी पहिल्या दोन वर्षांचे विषय बरेचसे सामाईक असतात, त्यामुळे नव्या नावासाठी कमकुवत महाविद्यालय निवडू नये. तिथे शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हे विचारावे. प्लेसमेंटच्या फलकावरील सर्वांत मोठ्या पॅकेजऐवजी आपल्या शाखेतील किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने लावल्यास मधोमध येणाऱ्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, ते विचारावे. आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे रोज लोखंडाचा रस ओतला जात असताना ‘मेकॅनिकलला स्कोप नाही’ असे डोळे झाकून म्हणू नये. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असतो हे खरे, पण फाउंड्रीत कास्टिंगचे रिजेक्शन का वाढले हे शोधून काढणारा अभियंता इथल्या उद्योजकांना सहजासहजी मिळत नाही.

पहिल्या वर्षीची पडझड

सीईटीत गणिताला प्रत्येकी दोन गुणांचे ५० प्रश्न असतात, निगेटिव्ह मार्किंग नसते आणि पर्याय वगळत उत्तरापर्यंत पोहोचणे हे कौशल्य ठरते. दोन वर्षे ही सवय लागलेला विद्यार्थी पहिल्या सत्राच्या लेखी परीक्षेत नेमका तिथेच अडखळतो, कारण इथे गुण पायऱ्यांना असतात.

मेकॅनिक्समधील भिंतीला टेकवलेल्या शिडीचे गणित पाहा. पुष्कळ जण थेट समीकरणे लिहायला घेतात आणि एफबीडी, म्हणजे शिडीवरील सर्व बले दाखवणारी आकृती, काढतच नाहीत, किंवा काढली तरी भिंतीजवळचे घर्षण चुकीच्या दिशेला दाखवतात. शिडी घसरू लागली तर वरचे टोक खाली येणार, म्हणून भिंतीपाशी घर्षण वर. खालचे टोक भिंतीपासून दूर जाणार, म्हणून जमिनीपाशी घर्षण भिंतीकडे. भिंत गुळगुळीत आहे असे प्रश्नात म्हटले असेल तर तिथे घर्षण दाखवायचेच नाही. आकृती बरोबर असेल तर आकडेमोड चुकली तरी बरेच गुण पदरात पडतात. आकृतीच चुकली तर पुढची दोन पाने वाया जातात. हा विषय केटीत, म्हणजे नापास होऊन पुन्हा देण्यासाठी, राहण्याचे कारण बहुतेक वेळा गणित अवघड असणे हे नसून आकृतीचा कंटाळा हे असते.

सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राच्या फाइलवरून ग्राफिक्सची, म्हणजे अभियांत्रिकी चित्रकलेची, शीट उतरवून काढली की टर्मवर्कचे, म्हणजे सत्रातील कामाचे, गुण मिळतात, लेखी परीक्षेत मात्र प्रोजेक्शन डोळ्यांपुढे उभे राहत नाही. राधानगरी किंवा गारगोटीहून रोज एसटीने ये-जा करणाऱ्यांनी सकाळच्या प्रात्यक्षिकांची वेळ आणि गाडीची वेळ आधीच जुळवून पाहावी, नाहीतर हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते आणि परीक्षा अर्जाच्या वेळी धावपळ होते.

पदविका करून थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांची अडचण निराळी असते. प्रात्यक्षिकात ते बारावीवाल्यांपेक्षा पुढे असतात, पण त्यांनी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे गणित केलेले नसते आणि समोर एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, उभा असतो. प्रवेश निश्चित झाल्यापासून वर्ग सुरू होईपर्यंतचे आठवडे त्यांनी इंटिग्रेशन आणि डिफरेन्शियल इक्वेशन्स यांनाच द्यावेत.

एखाद्या विषयात अपेक्षेपेक्षा फारच कमी गुण पडले तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज डोळे झाकून भरू नये. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी, विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना दाखवावी, एखादा प्रश्न तपासायचा राहिला आहे का, बेरीज चुकली आहे का ते पाहावे, आणि मगच पुढचे शुल्क भरावे. दोन्ही अर्जांच्या मुदती निकालानंतर लगेच सुरू होतात आणि लवकर संपतात, म्हणून निकालाच्या दिवशीच परीक्षा विभागाचे परिपत्रक पाहून ठेवावे.