रवा, पिठीसाखर आणि तीळ : खाऱ्या पाण्यातल्या नव्या माशाचा आजार कसा ओळखायचा

दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड बघायच्या, ही माझी नोकरी. घरी, ठाण्याला, खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला, आणि तोवर क्लाउनफिशची एक जोडी माझ्या हातून गेली.

दोघांच्या अंगावर पांढरं दिसलं. व्हाइट स्पॉट, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग असणार असं मी गृहीत धरलं आणि दर तीन दिवसांनी मासे नव्या टाकीत हलवायचा उपाय सुरू केला. तिसऱ्या सकाळी दोघंही तळाशी पडलेली होती. एकाच्या कल्ल्याचा कण लगेच स्लाइडवर घेतला. नासपतीच्या आकाराचे गडद तपकिरी गोळे कल्ल्याच्या झालरीला ओळीने चिकटलेले, एकही हलत नव्हता. व्हेल्व्हेट, म्हणजे दुसऱ्याच परजीवीचा रोग. ज्या रोगासाठी मी माझे तीन दिवस घालवले तो त्यांना झालाच नव्हता. तेव्हापासून माझा नियम एकच : आधी बघायचं, मग औषध.

क्वारंटाईनची, म्हणजे नवा मासा मुख्य टाकीत सोडण्याआधी वेगळा ठेवायची टाकी अगदी साधी हवी. माझी ६० बाय ३० सेंटीमीटरची आहे, पाण्याची उंची ३३. गुणाकाराला हजाराने भागलं की साधारण ६० लिटर पाणी. हा आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा, सगळे डोस त्यावरच ठरतात. आत हीटर, एअर पंप, लपायला पीव्हीसी पाइपाचे वाकडे तुकडे (एल्बो) आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये, म्हणजे तिच्या गाळणीच्या टाकीत, महिनाभर आधीच ठेवून उपयोगी जिवाणू मुरवलेला स्पंज फिल्टर. वाळू नको, लाइव्ह रॉक (समुद्रातला सजीव खडक) नको. दोन्ही औषध म्हणून टाकलेलं तांबं शोषून घेतात आणि मग डोस कधीच जुळत नाही. माशांच्या घाणीतून पाण्यात साचणाऱ्या अमोनियाची टेस्ट रोज करा. क्वारंटाईनमध्ये मेलेले बरेच मासे अमोनियाने गेलेले असतात आणि बोल मात्र परजीवीला लागतो. जाळी, नळी, पुसायचं फडकं या टाकीचं वेगळं ठेवा.

आता बघायचं कसं? खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च बाजूने तिरपा धरा. समोरून उजेड टाकलात तर काहीच कळणार नाही.

माशाच्या परावर रव्याचे सुटे कण पडल्यासारखं दिसतंय, मोजता येतंय, तर तो बहुधा व्हाइट स्पॉट, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. पिठीसाखर भुरभुरल्यासारखा बारीक, मोजता न येणारा थर असेल आणि मासा पंपाच्या झोतात तोंड धरून धापा टाकत असेल, तर व्हेल्व्हेट समजा आणि उद्याची वाट बघू नका. तो आधी कल्ले धरतो, अंगावर धूळ दिसते तेव्हा हातात दोन दिवससुद्धा नसतात. धूळ अजिबात न दिसता मासा गेला असंही होतं. म्हणून अंगाआधी श्वास बघा. मासा आणल्याच्या दिवशीच कल्ले मिनिटाला किती वेळा उघडतात ते मोजून लिहून ठेवा.

क्लाउनफिशच्या अंगावरून साय सुटावी तसे बुळबुळीत पापुद्रे निघत असतील तर ब्रुकलिनेला हा परजीवी. हिरव्या क्रोमिस माशाच्या बाजूला लालसर जखम दिसली तर युरोनिमा या परजीवीचा संशय घ्या. तो मांसात शिरलेला असतो आणि पाण्यातल्या औषधाला सहसा दाद देत नाही, हे मला जड मनाने लिहावं लागतंय.

खात्री मात्र सूक्ष्मदर्शकच देतो. शाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही चालतो, ४० आणि १०० पट पुरे. हातमोजा टाकीच्या पाण्यात भिजवा, मासा अलगद धरा, आणि कव्हरस्लिपच्या कडेने कल्ल्यामागून शेपटीकडे एकच हलका ओरखडा घ्या. उलट दिशेने घेतलात तर खवले उचकटतील. स्लाइडवर थेंब टाकायचा तो टाकीतल्याच खाऱ्या पाण्याचा. सवयीने साधं पाणी टाकलंत तर परजीवी फुटून जातील आणि स्लाइड स्वच्छ आहे असं वाटेल. गोल, अंगभर केसाळ आणि जागच्या जागी सावकाश गरगरणारा तो क्रिप्टोकॅरिऑन. तपकिरी आणि निश्चल तो व्हेल्व्हेट. वालाच्या दाण्यासारखा, सरकत जाणारा ब्रुकलिनेला. मासा धापा टाकत असेल तर त्याला हात लावू नका, सरळ व्हेल्व्हेट धरून उपचार सुरू करा.

व्हाइट स्पॉटमध्ये सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ठिपके गेल्यावर. परजीवी माशाच्या कातडीखाली ३ ते ७ दिवस खातो, मग गळून तळाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. अंग स्वच्छ दिसतं, आपण सुटकेचा श्वास सोडतो. पुढे कवच फुटतं आणि शेकडो पिल्लं मासा शोधत सुटतात. कातडीखाली किंवा कवचात असताना त्याच्यावर औषध लागू पडत नाही. पाण्यात मोकळा पोहतो तेवढ्याच वेळात मारता येतो. हे समजलं की तांब्याचा उपचार इतका लांब का ते वेगळं सांगावं लागत नाही. ७२ तासांच्या आत टाकी बदलण्यामागेही हेच आहे : कवचं जुन्या टाकीत राहतात, मासा पुढे जातो. चार बदल, मधे प्रत्येक टाकी धुऊन कोरडी ठणठणीत. व्हाइट स्पॉटला हा उत्तम उपाय आहे, व्हेल्व्हेटला त्याचा भरवसा नाही.

व्हेल्व्हेटला तांबं. मी चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधलेलं) तांबं वापरते, २.० ते २.५ पीपीएम, म्हणजे लिटरला तितके मिलिग्रॅम. मासा तगडा असेल आणि रोग नुसताच संशयित असेल तर तीन-चार दिवसांत चढवत न्या. व्हेल्व्हेट दिसत असेल तर इतकी सवड नसते. डिजिटल कॉपर चेकर घ्याच, रंग जुळवायच्या किटवर इतका बारीक फरक कळत नाही. रीडिंग रोज. त्याच टाकीत ठेवणार असाल तर ३० दिवस, आणि एकदाही पातळी खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. या काळात अमोनिया मारणारं रसायन टाकू नका, चिलेटेड तांब्याबरोबर ते माशाच्या जिवावर बेतू शकतं. अमोनिया वाढला तर पाणी बदला, आणि नव्या पाण्यात तेवढंच तांबं मिसळून घ्या.

ब्रुकलिनेलाला फॉर्मलिनचा बाथ : ३७ टक्क्यांचं, १० लिटरला दीड मिली, ४५ मिनिटं, जोरदार हवा सोडून. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, बाटलीत पांढरा साका दिसला तर ती वापरू नका. लॅबमध्ये बायॉप्सीसाठी असतं ते १० टक्क्यांचं बफर केलेलं फॉर्मलिन वेगळं, ते यासाठी नाही.

राहिले फ्लूक, म्हणजे अंगाला चिकटणारे चपटे परजीवी किडे. गेल्या वर्षी पावडर ब्लू टँग हा मासा आणला. अंगावर काही नाही, पण एक डोळा धुरकट आणि सारखं एल्बोला अंग घासणं चाललेलं. फ्लूक माशाच्या अंगावर जवळजवळ पारदर्शक असतात, दिसत नाहीत. ते दिसायला गोड्या पाण्याची अंघोळ लागते. क्लोरीन काढलेलं पाणी, तापमान टाकीइतकंच, पीएच जुळवायला चिमूट-चिमूट खाण्याचा सोडा, आणि तासभर आधीपासून सुरू असलेला एअरस्टोन. काचेचं भांडं मी काळ्या फडक्यावर ठेवते. टँग आत सोडला. पहिलं मिनिट तो आडवा झाला, माझा हात जाळीवरच होता. दुसऱ्या मिनिटाला डोळ्याच्या कडेला एक पांढरा ठिपका उमटला, मग कपाळावर दोन, आणि चौथ्या मिनिटापर्यंत तळाच्या काळ्या काचेवर सांडलेल्या तिळासारखे अकरा फ्लूक मी मोजले. पाच मिनिटांनी मासा बाहेर.

अंघोळीने ओझं कमी होतं, रोग जात नाही, कारण अंडी टाकीत असतात. त्यासाठी प्राझिक्वांटेल हे जंतनाशक, लिटरला अडीच मिलिग्रॅम. माझ्या ६० लिटरला १५० मिलिग्रॅम, म्हणजे ६०० च्या गोळीचा बरोबर पाव भाग. व्हेटकडून लिहून घ्या, गोळी खलबत्त्यात पिठासारखी कुटा आणि टाकीचंच पाणी भरलेल्या बाटलीत खळखळून हलवून ओता. ती नीट विरघळत नाही, पाणी गढूळ होतं, जिवाणू वाढून प्राणवायू घटतो. मे महिन्यात पाणी ३० अंशांवर असताना हा धोका दुप्पट, म्हणून एअर पंप वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा असू द्या. सातव्या दिवशी पाणी बदलून दुसरा डोस. अंड्यांतून निघालेले त्यात मरतात. रास (wrasse) जातीच्या काही माशांना हे औषध सोसत नाही, त्यांच्यासाठी मी नुसत्या अंघोळीवर भागवते.

मुख्य टाकीत रोग आधीच शिरला असेल तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी व्हाइट स्पॉटसाठी ७६ दिवस, व्हेल्व्हेटसाठी सहा आठवडे माशांविना ठेवा. प्रवाळ, गोगलगायी, कोळंब्या तिथेच राहू द्या, आणि तांब्याचा थेंबही तिकडे जाऊ देऊ नका.

उपचार संपल्यावर दोन आठवडे बिनऔषधाच्या पाण्यात मासा नुसता बघत राहा. टँगची शेवटची अंघोळ मी अशाच चौदाव्या दिवशी घातली. काळ्या फडक्यावर काही पडलं नाही. त्या रात्री तो मोठ्या टाकीत गेला, आणि मी स्पंज, जाळी, एल्बो ब्लीचमध्ये बुडवून गच्चीवर उन्हात वाळत घातले.