पन्हं रोज करायला नको, गर करून ठेवा

दुपारी उन्हातनं कोणी आलं की पन्हं हवं असतं, पण त्या वेळी कैऱ्या उकडत कोण बसणार? म्हणून रविवारी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतनं किलोभर कैऱ्या आणायच्या आणि गरच तयार ठेवायचा.

१. देठाकडचा चीक धुऊन काढा. कैऱ्या अख्ख्याच कुकरच्या डब्यात ठेवा, डब्यात पाणी घालू नका. पाणी फक्त कुकरच्या तळाला. ३ शिट्ट्या.

२. साल-कोय काढून गर गरम असतानाच १ वाटीला दीड वाटी चिरलेला गूळ घाला. आपल्याकडचा गूळ असल्यावर साखर कशाला! गुळाला पाक लागत नाही, त्या उष्णतेवरच विरघळतो. मग चाळणीतून गाळा, म्हणजे गुळातली कणी आणि कैरीचे धागे दोन्ही जातात.

३. मीठ, वेलची घालून गार झाल्यावर काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. थोडा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलात तर तो महिनाभरही टिकतो.

पेल्याला २ मोठे चमचे गर, वर माठातलं पाणी. झालं.

ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात मात्र गर ठेवू नका, आंबटानं कळकतो.