कॉलेजचा ईमेल कसा निवडावा: ओटीपी भाऊसाहेबांच्या मोबाईलवर जाण्याआधी

परीक्षा फॉर्मचा शेवटचा दिवस, दुपारचे चार. यादी कॉलेजच्या मेलवरून पाठवायची, तर मेल उघडेना. ओटीपी गेला होता निवृत्त भाऊसाहेबांच्या मोबाईलवर. भाऊसाहेब मुलाकडे सुरतजवळच्या उधन्याला, शेजारच्या लग्नात. फोन घरी चार्जिंगला. त्यांच्या नातीने आकडे वाचून दाखवेपर्यंत ओटीपी बाद झालेला. असं तीनदा झालं. त्या कॉलेजात तेव्हा संगणक विभाग माझ्याकडे होता, त्यामुळे दोष माझाही. सगळा पत्रव्यवहार एका माणसाच्या नंबरावर उघडलेल्या फुकट जीमेलवर चालतो, हे आम्हा कुणालाच वावगं वाटलं नव्हतं.

पुढचं सगळं ते निस्तरताना शिकलेलं.

आधी कागदावर विचारा

कोणता मेल घ्यायचा हे नंतर. आधी मुलं निरोप कुठे वाचतात ते बघा. हे विचारायला गुगल फॉर्म पाठवू नका. ज्यांच्याकडे नेट आहे तेच तो भरतील आणि अहवालात सगळं आलबेल दिसेल. प्रवेशाच्या रांगेत अर्धं पान हातात द्या: फोन स्वतःचा की घरात एकच? गावात रेंज असते का? जळगाव, धुळे, नंदुरबार असा तीन जिल्ह्यांचा आपला विद्यापीठ परिसर. भुसावळच्या मुलाला व्हिडिओ कॉल सहज लागतो, तर धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरची मुलगी रेंजसाठी टेकडी चढते. व्यवस्था तिला पुरली तर बाकीच्यांना पुरतेच.

पत्ता संस्थेच्या नावाचा घ्या

शैक्षणिक संस्थांसाठीचं 'डॉट एसी डॉट इन' हे डोमेन (पत्त्यातला @ नंतरचा भाग) अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडून मिळतं. कागदपत्रं लागतात, थोडा वेळ जातो, पण घ्या. एक खाचखळगा सांगतो: नूतनीकरणाची आठवण येणारा ईमेल त्याच डोमेनवरचा देऊ नका. डोमेन बंद पडलं की आठवणीचं पत्रही त्याच्याबरोबर बुडतं.

सर्व्हर स्वतःचा ठेवायचा का?

सर्व्हर म्हणजे मेल साठवणारा-पाठवणारा संगणक. तो कॉलेजात ठेवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नको. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, सांभाळणारा माणूस मिळत नाही. मे महिन्यात दुपारी वीज गेली, यूपीएस अर्ध्या तासात मान टाकतो आणि मेल बंद. शिवाय नव्या, अनोळखी सर्व्हरवरून गेलेली पत्रं बऱ्याचदा थेट स्पॅममध्ये पडतात.

मग उरतात तयार मेल सेवेचे मुख्यतः दोन पर्याय. गुगल वर्कस्पेसची शिक्षणसंस्थांसाठीची मूळ आवृत्ती फुकट आहे आणि मायक्रोसॉफ्टची ए१ सुद्धा. पूर्वी गुगलकडे जागेला मर्यादा नव्हती. २०२१ मध्ये त्यांनी पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी असा नियम जाहीर केला. ३,००० मुलांच्या कॉलेजात माणशी साधारण ३३ जीबी पडतात, म्हणजे चैन आहे. तेच ५०,००० खाती उघडली तर वाट्याला २ जीबी. म्हणून आकडा आधी मांडा. ऑफिस दिवसभर वर्ड-एक्सेलमध्ये असेल तर मायक्रोसॉफ्ट सोयीचं. मुलांच्या हातात अँड्रॉइड फोन असतील तर गुगलची सवय त्यांना आधीच असते.

फॉन्टचं दुखणं

याबद्दल कुणी बोलत नाही. बऱ्याच ऑफिसांत मराठी अजून जुन्या, युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होते. तो मजकूर मेलमध्ये चिकटवला की मुलाच्या फोनवर नुसती चिन्हांची खिचडी. मग उपाय म्हणून काय होतं? सूचनेची प्रिंट काढायची, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचं आणि पाच एमबीची पीडीएफ पाठवायची. कमी रेंजमध्ये ती उघडत नाही, उघडली तरी 'हॉल तिकीट' शब्द शोधून सापडत नाही. "सर, मना मोबाईलमा काहीच ऊनं नही," काहीच आलं नाही, असं पोरगा अहिराणीत म्हणतो ते खरंच असतं. नवीन मेल सुरू करायच्या आधी ऑफिसच्या प्रत्येक संगणकावर युनिकोड कीबोर्ड बसवा. सूचना पत्रातच टाइप करा, सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडा.

खाती कुणाच्या नावाने

ऑफिसची खाती पदाच्या नावाने: प्राचार्य, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह. माणूस बदलला की फक्त पासवर्ड बदलायचा. मुलांना नावाने पत्ते देऊ नका. खान्देशात एका वर्गात चार राहुल पाटील आणि दोन महाजन सहज निघतात. पीआरएन नंबर, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, वापरा. मुख्य ॲडमिन किमान दोघे हवेत आणि खाते परत मिळवायचा मोबाईल नंबर कॉलेजच्या सिमचा. ते सिम कुलूपबंद कपाटात, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर.

पत्र खरंच आपल्याच डोमेनवरून आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनला लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५,००० च्या वर पत्रं जीमेलला पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या आहेत, पण लहान कॉलेजनेही टाळू नये. एकेकाला पत्रं पाठवत बसू नका, वर्गवार गट करा. वर्कस्पेसच्या एका खात्यावरून दिवसाला २,००० पत्रांपर्यंतच जातात.

व्हॉट्सॲप आणि एसएमएस

व्हॉट्सॲप बंद करता येणार नाही, तसा प्रयत्नही करू नका. पण तिथे फक्त 'मेल बघा' एवढी हाक द्या. तारीख, फी, नियम हे मेलमध्येच. गटात १,०२४ जणांची मर्यादा आहे आणि प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. मुलींच्या तक्रारी इथूनच सुरू होतात. त्यापेक्षा व्हॉट्सॲपचं चॅनेल बरं. तिथे एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

डेटा संपला तरी एसएमएस पोहोचतो, म्हणून परीक्षा पुढे ढकलल्यासारख्या निरोपासाठी तो ठेवा. संस्थेचं नाव आणि संदेशाचा नमुना डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) आधी नोंदवावा लागतो. ऐनवेळी होत नाही. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, आणि काना-मात्राही मोजल्या जातात. "२२ तारखेचा पेपर पुढे ढकलला. नवी तारीख मेलवर." हे बसतं. "सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की" एवढ्यातच निम्मी जागा जाते.

सगळ्यांवर एकदम लादू नका

एक विभाग, एक सत्र. पहिल्या आठवड्यात चाचणीची सूचना पाठवा: "हे वाचलं असेल तर ग्रंथालयात येऊन वहीत सही करा." चार दिवसांनी वही उघडा. ज्यांच्या सह्या नाहीत त्यांची गावं लिहून काढा, आणि त्या मुलांसाठी एसएमएस चालू ठेवा. ऑफिसबाहेरच्या सूचना फलकाची काचही तोवर काढू नका.