हृदयाची एकत्रित गोळी : या चुका टाळा

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला रक्ताची गुठळी टाळणारी ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉल कमी करणारी ॲटोरव्हास्टॅटिन आणि रक्तदाब उतरवणारी रामिप्रिल रोज वेगवेगळ्या घ्याव्या लागल्या की एखादी सुटतेच, म्हणून त्या एकाच गोळीत आणल्या गेल्या. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिक्युअर’ या अभ्यासात अशी गोळी घेणाऱ्यांना पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांसारख्या घटनांचा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या औषधाच्या दुकानात मी रोज पाहतो की, गोळी एक झाली तरी चुका कमी होत नाहीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे नवी गोळी सुरू करून जुन्याही चालू ठेवणे. कापूस वेचणीच्या दिवसांत एक शेतकरी धुऱ्यावर चक्कर येऊन पडले. दवाखान्यात त्यांचा वरचा रक्तदाब ८६ भरला. त्यांच्या पत्नीने बिस्किटांचा डबा माझ्यासमोर उघडला, तेव्हा एकत्रित गोळीच्या पाकिटाशेजारी रामिप्रिल आणि ॲस्पिरिनची अर्धी वापरलेली पाकिटे होती. "पैशाच्या गोळ्या हायेत भाऊ, फेकाच्या कशा?" असे त्या म्हणाल्या. घामाने आधीच पाणी कमी झालेल्या शरीरात रामिप्रिल दुप्पट जात होती. तेव्हापासून घरातला सगळा डबा आणल्याशिवाय मी पहिले पाकीट देत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून, बंद झालेल्या पाकिटांवर लाल पेनने फुली मारतो आणि ती दुकानातच ठेवून घेतो. यास दहा मिनिटे लागतात, आणि ज्यांना बस गाठायची घाई असते त्यांनाही मी बसवून घेतो.

याच्या उलट, ‘आता एकच गोळी’ असे समजून सगळाच डबा रिकामा करणारेही आहेत. स्टेंट, म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल हे गुठळी टाळणारे, या गोळीत नसलेले औषध स्वतःहून थांबवल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. मधुमेहाची गोळीही या गोळीत नसते.

रामिप्रिलमुळे काहींना कोरडा खोकला येतो. खोकल्यासाठी पूर्ण गोळी सोडली, तर तिच्यासोबत ॲस्पिरिन आणि ॲटोरव्हास्टॅटिनही सुटतात; डॉक्टरांना सांगितल्यास ते रामिप्रिलऐवजी टेल्मिसार्टनसारखे औषध देऊ शकतात.

रक्तदाब ठीक आला म्हणून गोळी थांबवू नये. उपवासाच्या दिवशीही ती पाण्यासोबत घ्यावी. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. हगवण किंवा उलट्या लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, आणि शेवटचे पाकीट उघडताच पुढचे आणून ठेवावे, आठवडी बाजाराची वाट पाहू नये.