लायसन्सचं रिव्हॉल्वर कमरेला लावून बागेत जायचंय? आधी हे बघून घ्या

आमच्या मामाकडं पॉइंट ३२ चं रिव्हॉल्वर आहे, रीतसर लायसन्सचं. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता, बँकेतनं पगाराची कॅश आणायला लागायची, त्या काळात घेतलेलं. कारखाना आता भाड्यानं दिलाय, पण रिव्हॉल्वर आहेच. मध्ये मामाचा मुलगा अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातनं, नॅशव्हिलहून व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेला की पप्पा इकडं परमिट असलं की लोक पार्कमध्ये पण पिस्तूल घेऊन फिरतात, झालं, दुसऱ्या दिवशी मामा मला म्हणतो, "मग मी मॉर्निंग वॉकला नेलं तर काय बिघडलं, माझ्याकडं पण लायसन्सच आहे की!" त्या एका प्रश्नापायी मी कायदा, नियम, लायसन्सची मागची पानं सगळं वाचून काढलं. घरोघरी असे मामा असणार म्हणून लिहितोय.

आधी तिकडचं सांगून टाकतो म्हणजे घोळ मिटेल. अमेरिकेत हा विषय राज्याराज्याचा आहे. टेनेसीनं २००९ साली कायदा करून परमिटवाल्यांना स्टेट पार्कमध्ये हँडगन न्यायला परवानगी दिली, तेव्हा गावातल्या बागांवर बंदी ठेवायची का नाही हे तिथल्या लोकल बॉडीवर सोडलं होतं, २०१५ मध्ये लोकल बॉडीची ती बंदी घालायची मुभा पण काढून घेतली. न्यूयॉर्कचं एकदम उलटं, २०२२ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल विरोधात गेल्यावर त्यांनी नवीन कायदा आणून नाजूक जागांची यादीच केली आणि त्यात पब्लिक पार्क घातले. आणि नॅशनल पार्कात २२ फेब्रुवारी २०१० पासून ते पार्क ज्या राज्यात आहे तिथला कायदा चालतो. एक गंमत बघा, टेनेसीत एवढी मोकळीक असून पण पार्कचं ग्राउंड शाळेच्या कार्यक्रमाला वापरात असेल तर त्याच्या लगत पिस्तूल नको असं आहे. म्हणजे तिथं पण शेवटी गाडी येऊन थांबते ती आत्ता तिथं कोण जमलंय या प्रश्नावर.

आपल्याकडं तर सगळा खेळच त्या प्रश्नावर आहे. १९५९ चा आर्म्स ॲक्ट किंवा २०१६ चे आर्म्स रूल्स चाळले तर 'बाग' असा शब्द घेऊन परवानगी पण सापडत नाही आणि बंदी पण सापडत नाही, म्हणून लोकांना वाटतं चालतं. तसं नाही. बाग तीच, झाडं तीच, पण मंगळवारी दुपारी तिथं चार म्हातारे बसलेत आणि रविवारी संध्याकाळी स्टेज टाकून कार्यक्रम चाललाय, या दोन दिवसांत तुमच्या कमरेच्या वस्तूचा कायदा बदललेला असतो.

तर पहिलं काम, कपाटातनं लायसन्स काढा आणि अटी वाचा. खरंच वाचा, मामानं इतक्या वर्षांत एकदा पण वाचल्या नव्हत्या. त्यात एक अट असते, माझ्या भाषेत सांगायची तर अशी: हत्यार ज्या कामासाठी दिलंय त्याच कामासाठी प्रामाणिकपणे जवळ बाळगायचं, आणि जिल्हा मॅजिस्ट्रेटची खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक, कुठलाही सार्वजनिक जमाव, शाळा-कॉलेजचा आवार इथं न्यायचं नाही. एवढ्या एका वाक्यात निम्मं सोलापूर संपलं की हो! जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, सात नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचा गड्डा म्हणजे यात्रेचा बाजार, हे सगळं जत्रा पण आहे, मिरवणूक पण आहे आणि जमाव पण आहे. १२ जानेवारीला चार हुतात्मा पुतळ्यांपाशी लोक जमतात ते पण त्यातच. पार्क स्टेडियमवर मॅच असली की तिथं पण तेच. गणपती, आंबेडकर जयंती, शिवजयंती तर सांगायलाच नको. आषाढीला पंढरपूरला जाताना "रात्रीचा प्रवास आहे, असू दे जवळ" म्हणणारे मी पाहिलेत, तर वारी ही धार्मिक मिरवणूकच आहे, त्यांनी ते घरी ठेवावं.

बागेच्या बाबतीत अडचण अशी होते की तुम्ही निघता तेव्हा बाग रिकामी असते आणि पोचता तेव्हा शेजारच्या मैदानावर काहीतरी चालू असतं. मामाचं हेच झालं होतं, गड्ड्याच्या दिवसांत किल्ल्याच्या बाजूला सहज फिरायला गेलेला, गर्दीत शिरला, शर्ट वर सरकला, एका हवालदाराला दिसलं. मामा म्हणतो लायसन्स आहे, हवालदार म्हणतो दाखवा, आणि लायसन्स घरी. ते प्रकरण चार तास चाललं, मामी लायसन्स घेऊन रिक्षानं आली, वरच्या साहेबांनी वय बघून समज देऊन सोडलं. त्यात चूक सरळसरळ मामाची होती, हवालदाराची काहीच नव्हती. आर्म्स ॲक्टचं कलम १९ म्हणतं की कुठलाही पोलीस अधिकारी हत्यारवाल्याला लायसन्स दाखव म्हणू शकतो आणि दाखवलं नाही तर हत्यार ताब्यात घेऊ शकतो. आणि लायसन्सची अट किंवा नियम मोडला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाचा आकडा ऐकून हसू नका, खरी भीती पुढं आहे, कलम १७ खाली लायसन्सच सस्पेंड किंवा रद्द होऊ शकतं.

दुसरं काम, रोजच्यासारखं पंचांग बघता तसं पोलिसांचे आदेश बघायचे. महाराष्ट्र पोलीस ॲक्ट १९५१, ज्याला जुने लोक अजून बॉम्बे पोलीस ॲक्टच म्हणतात, त्याचं कलम ३७ (१) शहरात पोलीस आयुक्तांना आणि ग्रामीणला जिल्हाधिकाऱ्यांना शस्त्रबंदी लावायचा अधिकार देतं. कलमातच यादी आहे, तलवार, भाले, बंदुका, सुरे, काठ्या-लाठ्या, म्हणजे काठी पण चालत नाही तिथं रिव्हॉल्वरची काय कथा. ३७ (३) म्हणजे जमावबंदी. हे दोन्ही मिळून साधारण पंधरा-पंधरा दिवसांचे आदेश निघतात, सणासुदीला तर एक संपला की दुसरा, आणि पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी येते ती आपण वाचत नाही. ती वाचायची. त्यात सूट कुणाला आहे ती ओळ खास बघायची, बऱ्याचदा ती ड्यूटीवरच्या सरकारी नोकरांना आणि सिक्युरिटीवाल्यांना असते, तुमच्या-आमच्यासारख्या लायसन्सवाल्याचं नाव त्यात नसेल तर आपल्याला सूट नाही असंच धरायचं. तणावाच्या वेळी वेगळा आदेश येतो, पूर्वी त्याला १४४ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालंय, लोकांच्या तोंडात मात्र १४४ च आहे. शंका असेल तर सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात फोन करून विचारा, आज शस्त्रबंदी आहे का. विचारलं म्हणून कुणी आत टाकत नाही.

आता समजा आदेश नाही, गर्दी नाही, कार्यक्रम नाही, आणि तुम्हाला खरंच धोका आहे म्हणून बरोबर ठेवायचंय. तर कसं न्यायचं हे २०१६ च्या रूल्समध्ये नियम ८ ला स्पष्ट आहे. हँडगन अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये नाहीतर तशा सॅक-बॅगेत, पूर्ण झाकलेली, आणि तुमचा तिच्यावर पक्का ताबा पाहिजे. म्हणजे पँटच्या मागं नुसतं खोचलेलं चालणार नाही, पातळ शर्टातनं मूठ दिसणारी पण नाही, बाकावर पिशवी ठेवून तिकडं प्राणायाम करत बसणं तर नाहीच नाही. स्कूटरच्या डिकीत ठेवून आत जाणारे पण आहेत, ती डिकी स्क्रू ड्रायव्हरनं उघडते हो. चोरीला गेलं तर ताबडतोब पोलिसांना कळवायची जबाबदारी तुमची, आणि पुढचे खुलासे पण तुम्हालाच द्यायला लागतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्या बागेत झोपाळे, घसरगुंडी आहे तिथं न्यायचंच नाही, लहान पोरं अंगावर येऊन आदळतात, कमरेला मिठ्या मारतात. बागेच्या गेटवर पाटी असते ती वाचा, आणि गार्ड नको म्हणाला तर त्याच्याशी कायद्याचा वाद घालत उभं राहू नका.

दाखवणं, हवेत फिरवणं हे तर नियमातच मना आहे. हे मी पोरांसाठी लिहितोय. बाबांचं पिस्तूल घेऊन बागेत रील काढायची, वाढदिवसाला हातात धरून फोटो, का बे, पोलीस पण तेच इन्स्टाग्राम बघतात ना! आणि पिस्तूल बाबांचं म्हणजे तुमचं नाही. लायसन्स ज्याच्या नावावर त्यानंच बाळगायचं, दुसऱ्यानं न्यायचं तर लायसन्सवाला समोर हजर पाहिजे किंवा त्याचं लेखी पत्र पाहिजे, ते पण रिपेअरी, रिन्यूअल किंवा मालकाच्याच वापरापुरतं. ड्रायव्हरकडं कायमचं द्यायचं असेल तर त्याचं नाव रिटेनर म्हणून लायसन्सवर चढवून घ्यावं लागतं. लग्नाच्या वरातीत बार काढायची हौस असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला वेगळी शिक्षा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लॉनवरचं लग्न असो का देवळातलं.

नान्नजचं वेगळं सांगायला पाहिजे कारण आपल्याकडचे लोक त्याला पण 'पार्क'च समजतात, रविवारी बार्शी रोडनं गाडी काढायची, माळढोक दिसतो का बघायचं, काळवीट तरी दिसतंच. ते अभयारण्य आहे, तिथं वन्यजीव कायदा १९७२ चं कलम ३१ लागतं, चीफ वाइल्डलाइफ वॉर्डन किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी लेखी परवानगी असल्याशिवाय हत्यार घेऊन आत जायचंच नाही. तुमचं आर्म्स लायसन्स तिथं काही कामाचं नाही. आणि त्या कायद्यात हत्याराची व्याख्या एवढी मोठी आहे की त्यात सुरी, जाळं, फासा सगळं येतं. अजून एक, अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवीन लायसन्स द्यायचं तर चीफ वाइल्डलाइफ वॉर्डनची आधी संमती लागते, तिकडं शेती असलेल्यांनी अर्ज करण्याआधीच हे विचारून घ्यावं, नाहीतर फाईल महिनोन् महिने हलत नाही आणि आपण क्लार्कला शिव्या देत बसतो.

लायसन्स कुठपर्यंत चालतं ते पण त्याच कागदावर लिहिलेलं असतं. सोलापूरकरांना ही गोष्ट फार जवळची, कारण टाकळी ओलांडली की कर्नाटक. तुळजापूर दुसऱ्या जिल्ह्यात पण राज्य आपलंच, विजापूरचा गोल घुमट किंवा गाणगापूर म्हणजे मात्र दुसरं राज्य. लायसन्सवर फक्त महाराष्ट्र असेल तर गाडीत बसायच्या आधी ते लॉकरमध्ये गेलं पाहिजे. वर यूआयएन म्हणजे लायसन्सचा युनिक नंबर आहे का, मुदत संपली नाही ना, हे पण बघा, २०१९ नंतर मुदत पाच वर्षांची झाली म्हणून लोक निवांत होतात आणि तारीख विसरतात. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, आजोबांची बारा बोर आणि वडिलांची रायफल वारसानं आलेल्यांनी मोजून बघावं.

लांब गावाला जायचं असेल आणि घर बंद राहणार असेल तर लायसन्सवाल्या गन डीलरकडं सेफ कस्टडीत ठेवता येतं, फी घेतात. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातनं फोन येतो की जमा करा. सरसकट सगळ्यांनी असं नसतं, जिल्ह्यात एक स्क्रीनिंग कमिटी बसते आणि कुणाचं जमा करायचं ते ठरवते, बँकेचे गार्ड, नेमबाजीचे खेळाडू यांना सवलत असते, तुम्हाला खरंच जिवाची भीती असेल तर तसा अर्ज वेळेत द्या. बाकी नोटीस आली की मुकाट्यानं जमा करायचं, निकालानंतर आठवडाभरानं परत मिळतं. जमा करताना पावतीवर बट नंबर म्हणजे हत्यारावरचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. मामानं गेल्या वेळी नुसतं "रिव्हॉल्वर एक नग" अशी पावती आणली होती, आणि परत आणायला गेला तेव्हा राऊंड अठरा होते का वीस यावर अर्धा दिवस गेला.