“कसं वाटतंय?” हे विचारणं मी बंद केलं त्याची गोष्ट

माणसांच्या गोष्टी लिहायच्यात, लाँगफॉर्म म्हणजे मोठे, सविस्तर रिपोर्ताज करायचेत, सुरुवात कुठून करू असं नवीन मुलं विचारतात, तर मी आधी माझी माती कशी झाली तेच सांगतो.

पहिल्यांदा यवतमाळ जिल्ह्यात आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या घरी गेलो तेव्हा त्याला जाऊन महिनाही झाला नव्हता. बसल्या बसल्या रेकॉर्डर ऑन केला, परवानगीबिरवानगी काही नाही, आणि त्याच्या बायकोला, ताईंना, थेट विचारलं, तुम्हाला कसं वाटतंय. त्या गप्प. सासूबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या आधी चार जणं येऊन गेले, सारे हेच इचारतात.” मग चहा आला, तो घशाखाली जाईना.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा काहीच विचारलं नाही. ताई सुपात तूर पाखडत होत्या, मी शेजारी बसून खडे वेचू लागलो, बरं ते पण मला नीट जमत नव्हतं त्यामुळे त्या हसल्या, आणि हळूहळू बोलायला लागल्या ते नवऱ्याबद्दल नाहीच, सातबाऱ्याबद्दल. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर, वारसनोंद झालेली नाही, तलाठी आज या उद्या या म्हणतोय. सरकारची १ लाखाची मदत असते, पण ती प्रकरण ‘पात्र’ ठरलं तरच, आणि ते जिल्हाधिकाऱ्यांची समिती ठरवते, जमीन कुणाची, कर्ज कुठलं, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं कागदावर बघून. म्हणजे दुःखाच्या आधी फाईल. माझी स्टोरी त्या फाईलमध्ये होती आणि मी डोळ्यातलं पाणी शोधत बसलो होतो!

त्यामुळे आता मी विचारतो, त्या दिवशी सकाळी काय काय केलंत? चूल कोणी पेटवली, पोरं कुठे होती. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सीने हिरोशिमावर लिहिलं तेव्हा अणुबाँबमधून जिवंत राहिलेली सहा माणसं घेतली आणि बाँब पडला त्या क्षणी कोण काय करत होतं तिथून सुरुवात केली. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक त्या एका लेखाला दिला होता. त्यात रडारड जवळपास नाही, आणि तरी वाचताना आपण हलतो.

लिहायला बसलो की पहिल्या ड्राफ्टमधली ‘हृदयद्रावक’, ‘काळीज पिळवटणारं’ वगैरे विशेषणं मी उडवतो. त्याऐवजी किती क्विंटल कापूस झाला, काय भावाने गेला, खुंटीला अजून कुणाचा शर्ट लटकतोय ते लिहा.

आणि हो, समोरच्याचं दुःख खरंय म्हणून त्याने सांगितलेला आकडाही खरा असं नसतं. ताईंनी सांगितलेली कर्जाची रक्कम आणि बँकेच्या कागदावरची रक्कम जुळत नव्हती, मला वाटलं आता हे कसं काढायचं यांच्यासमोर, भीत भीत विचारलं तर कळलं की उरलेले पैसे सावकाराचे होते आणि ते त्यांनाही नंतरच समजले होते. विचारलं नसतं तर चुकीचं छापून मोकळा झालो असतो.

एक चूक मात्र अजून टोचते. धाकटा मुलगा शेजाऱ्यांकडे जेवतो असं मी लिहिलं. खरंच होतं. पण गावात पेपर येतो, शाळेत पोरांनी त्याला चिडवलं. तेव्हापासून छापण्याआधी त्या माणसाबद्दलचा मजकूर फोनवर वाचून दाखवतो. काही एडिटरना हे आवडत नाही, त्यांचं म्हणणं लोक मग शब्द फिरवतात. माझ्याकडे फिरवलेत क्वचितच, उलट चुका सापडल्यात. नाव बदलायचं का हेही तेव्हाच विचारून घेतो.

वाचायला काय घ्यावं म्हणाल तर पत्रकार पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेली ‘पारी’ ही ग्रामीण भारतातल्या गोष्टींची वेबसाइट मराठीतही आहे, फुकट आहे, रोज एक स्टोरी वाचा आणि रिपोर्टरने तिथे काय विचारलं असेल ते वहीत लिहून काढा. पैशांचं विचाराल तर कमीच असतात, एसटीचं भाडं बऱ्याचदा खिशातूनच जातं, तेव्हा सुरुवातीला दुसरं काही काम हाताशी ठेवा.

अंक आला की प्रत स्वतः नेऊन द्या. मी एक घेऊन गेलो होतो, तर ताई म्हणाल्या, “अजून एक आणाले पायजे होती भाऊ. तलाठ्याले दाखवाले.”