बसमधला लोरा नोड निरोप हरवतोय? या चुका टाळा

जिथे नेटवर्क म्हणजे दिवसातून दोनदा येणारी बस, तिथे निरोप साठवायचा, वाहून न्यायचा आणि गाठ पडली की पुढे द्यायचा. कर्नाटकात दोड्डबळ्ळापूर भागात डाकनेट या प्रकल्पाने बसवर वाय-फाय लावून हेच केलं होतं. आज ते स्वस्त लोरा रेडिओवर (कमी विजेत लांबवर थोडा डेटा पाठवणाऱ्या) जमतं. अडतं ते एकाच ठिकाणी: रेडिओ एकेका पॅकेटसाठी जुळवला जातो, जुळवायला हवा अख्ख्या भेटीसाठी, म्हणजे बस टप्प्यात असते त्या सगळ्या वेळेसाठी.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे रेंज जास्त मिळते म्हणून कायम एसएफ १२ वर राहणं. एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तितकी रेंज जास्त, पण वेग कमी. १२५ किलोहर्ट्‌झ बँडविड्थवर ५१ बाइटचं पॅकेट एसएफ १२ ला सुमारे २.५ सेकंद हवेत असतं, एसएफ ७ ला ०.१ सेकंद. एसएफ ७ ला सिग्नल १२.५ डेसिबल जास्त लागतो, म्हणजे मोकळ्या जागेत रेंज साधारण चौथाई. आता हिशेब करा. बस गावातल्या नोडच्या (रेडिओ असलेल्या छोट्या यंत्राच्या) अगदी जवळून जाते आणि एसएफ १२ च्या टप्प्यात तीन मिनिटं असते, तर जेमतेम ७० पॅकेटं जातील. एसएफ ७ वर पाऊण मिनिटच हाती लागतं, तरी चारशेच्या वर जातात! म्हणून ओळख एसएफ १२ वर करा आणि सिग्नल सुधारला की खाली या.

खाली आल्यावर एकदम शांतता? साधी लोरा चिप एका वेळी एकच एसएफ ऐकते. एका टोकाने बदल केला आणि दुसऱ्याला तो कळला नाही, तर दोघंही बहिरे. ठरावीक वेळ काहीच ऐकू आलं नाही तर दोघांनी मूळ एसएफवर परतायचं, हा टायमर हवाच.

लोरावॅन (लोरावर चालणारी, सर्व्हरने सांभाळलेली नेटवर्क पद्धत) वापरत असाल तर बसमधल्या नोडवर एडीआर, म्हणजे वेग आपोआप ठरवण्याची सोय, बंद ठेवा. सर्व्हर साधारण शेवटच्या २० पॅकेटांमधला उत्तम सिग्नल धरून वेग ठरवतो, तोवर बस दूर गेलेली असते. मग ६४ आणि वर ३२ पॅकेटं उत्तराविना गेल्यावरच नोड सावरू लागतो. दर पाच मिनिटांना एक पॅकेट असेल तर आठ तास गेले.

पोच येण्याआधी निरोप पुसू नका.

निरोप वाटेतच 'मुदत संपली' म्हणून गळत असतील, तर आधी नोडचं घड्याळ तपासा. वीज गेल्यावर ते चुकीच्या तारखेवर जातं. असे निरोप साठवून पुढे देण्याच्या बंडल प्रोटोकॉलच्या आरएफसी ९१७१ या मानक दस्तऐवजात यासाठी बंडल-वयाचा ब्लॉक आहे, म्हणजे निरोप निघून किती वेळ झाला याची नोंद. घड्याळ भरवशाचं नसेल तिथे तोच वापरा.